आर्थर लो : पडलेली टोपी सरळ करणारा नट

तिसरी घंटा

गेल्या महिन्यात तापाने पडून होतो. घरात कुणी नव्हतं, म्हणून 'डॅड्स आर्मी'चे जुने भाग पुन्हा लावले. गोष्टी पाठ असल्यामुळे या खेपेला गोष्टीकडे लक्षच गेलं नाही. मी फक्त एका माणसाची टोपी बघत राहिलो.

बीबीसीची ही विनोदी मालिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९४०, इंग्लंड. फ्रान्स पडलाय, जर्मन कधीही खाडी ओलांडून येतील अशी भीती आहे. सैन्यात घेता येणार नाहीत अशा म्हाताऱ्या, पोरसवदा, अपंग लोकांची गृहरक्षक दलं गावोगाव उभी राहतात. अशाच एका समुद्रकाठच्या काल्पनिक गावातलं दल, आणि तिथल्या बँकेचा मॅनेजर त्याचा स्वयंघोषित कॅप्टन. नाव लिहितात मेनवेअरिंग, म्हणतात मात्र 'मॅनरिंग'. ती भूमिका आर्थर लोची.

बुटका, गोल, चष्मा, कातरलेली मिशी. जवळजवळ दर भागात तो कुठे तरी आपटतो, पाण्यात पडतो, नाही तर खिडकीतून आत ढकलला जातो. उठून उभा राहतो तेव्हा टोपी एका कानावर आणि चष्मा दुसऱ्या कानावर. कुठलाही हशाखाऊ नट इथे डोळे फिरवेल, तोंड वाकडं करेल. लो तसलं काहीच करत नाही. चष्मा सरळ करतो. टोपी सरळ करतो. कुणी पाहिलं का म्हणून एकदा डावीकडे नजर टाकतो, आणि मधे काही घडलंच नाही अशा आवाजात पुढचा हुकूम सोडतो. हशा पडण्यावर येत नाही, सावरण्यावर येतो.

मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं कामं करतोय, आणि हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. आपण पडलो की प्रेक्षक हसतात, आणि तो हशा आणखी पिळून काढायचा मोह अनावर असतो. हा माणूस तो मोह रोज बाजूला ठेवत होता. हे त्याने कुठून कमावलं ते शोधत गेलो, म्हणून हा धागा.

जन्म २२ सप्टेंबर १९१५, डर्बीशायरमधलं हेफिल्ड. वडील रेल्वेत. पोराला व्यापारी जहाजावर जायचं होतं, पण डोळे कमजोर म्हणून ते दार बंद झालं. युद्धात मध्यपूर्वेत घोडदळात गेला आणि तिथे सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं करता करता नट झाला. म्हणजे व्यवसायाने रंगभूमीवर पाऊल ठेवलं तेव्हा तो तिशीचा होता! १९४५, मँचेस्टरचं ह्यूम हिप्पोड्रोम, आठवड्याला ५ पौंड पगार आणि रोज रात्री दोन प्रयोग.

त्या काळच्या रेपर्टरी कंपन्यांचा खाक्या समजून घ्या. दर आठवड्याला नवं नाटक. रात्री या नाटकाचे प्रयोग आणि दिवसा पुढच्याच्या तालमी. आज पाद्री, सोमवारी इन्स्पेक्टर, त्याच्या पुढच्या सोमवारी कुणाचा तरी चिडका सासरा. अशा चक्कीत नट एक तर मरतो, नाही तर माणसांचा साठा करतो. खांदे कसे धरायचे, दाराची मूठ कोण कशी फिरवतो, पैसे मोजताना कोण थुंकी लावतो. लोने तो साठा केला. तिथेच जोन कूपर ही नटी भेटली, १९४८ मध्ये लग्न झालं.

पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं चिल्लर. १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'चा शेवट आठवतोय? नायक अनेक खून पचवून तुरुंगातून सुटून बाहेर येतो. एक छोटासा वार्ताहर अदबीने पुढे येतो आणि आठवणी छापायला देता का म्हणून विचारतो. त्या एका प्रश्नाने नायकाला आठवतं, कबुलीजबाबाची वही कोठडीतच राहिली! तो वार्ताहर म्हणजे आर्थर लो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण सबंध सिनेमा त्याच्या वाक्यावर उलटतो. आणि तो कसलाही इशारा न देता, एखाद्या कारकुनाने पावती पुढे करावी तसं ते वाक्य पुढे करतो.

पुढे १९६० ते १९६५ आयटीव्ही या खाजगी वाहिनीवरच्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' मालिकेत कापडदुकानाचा मॅनेजर लेनर्ड स्विंडली, ऐन लग्नाच्या दिवशी जिची वधू माघार घेते तो. त्याने घराघरांत पोचला. आणि १९६८ साली, बावन्नाव्या वर्षी, मॅनरिंग. ३१ जुलै १९६८ ते १३ नोव्हेंबर १९७७, एकूण ८० भाग.

गंमत म्हणजे बीबीसीला तो नकोच होता. हा आयटीव्हीचा माणूस, आपल्याकडे काम करत नाही, असा सूर होता. आधी थॉर्ली वॉल्टर्सना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी हट्ट धरला नसता तर आज आपण हे बोलत नसतो.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. तुम्हाला त्याचा कुठला प्रसंग आठवतो?

हिशेबनीस

उत्तम लेख. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यांतली नऊ शाखाधिकारी म्हणून. त्यामुळे मला हा माणूस टोपीपेक्षा टेबलामागे जास्त भावतो. त्याच्या केबिनमध्ये कुणी कर्ज मागायला आलं की तो आधी टेबलावरची एखादी वस्तू जागेवर सरकवतो. हे मी स्वतः करत असे. समोरच्याला नाही म्हणायचं असलं की हात आधी कशाला तरी लागतात. लेखकाने हे लिहून दिलं असेल असं मला वाटत नाही, नटानेच कुठल्या तरी बँकेत बसून पाहिलं असणार.

आणि तो सार्जंट विल्सन! बँकेत त्याचाच हाताखालचा, पण बड्या खानदानी शाळेत शिकलेला, देखणा, कशाचंच काही न पडलेला. आमच्या शाखेत असा एक सहकारी होता. साहेब मी होतो आणि ग्राहक नमस्कार त्याला करायचे. त्या वेळी मला ते फार लागत असे. पडद्यावर पाहिलं तेव्हा पहिल्यांदा त्याबद्दल हसू शकलो.

तिसरी घंटा

हिशेबनीस, नेमकी दुखरी नस पकडलीत. कुणीही डोळे मिटून पात्रनिवड केली असती तर विल्सन करणारा जॉन ल मेझुरिए कॅप्टन आणि लो सार्जंट झाला असता. एकाचा आवाज मखमली, दुसऱ्याच्या आवाजात दुकानाचं शटर. ते उलटं केलं आणि तिथे मालिका जन्मली. मॅनरिंग मध्यमवर्गीय मुलांच्या ग्रामर स्कूलमधून घासत घासत वर आलेला. आपण कॅप्टन झालो तरी समोरच्याच्या रक्तात आहे ते आपल्यात येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

'द ऑनरेबल मॅन' हा १९७३ चा भाग जरूर बघा. विल्सनच्या घराण्यात कुणी तरी मरतं आणि त्याच्या नावामागे 'ऑनरेबल' लागतं. लगेच त्याला गोल्फ क्लबचं बोलावणं येतं. मॅनरिंग किती वर्षं त्या क्लबात शिरायची धडपड करतोय! ते ऐकतानाचा लोचा चेहरा बघा. आधी अभिनंदनाची तयारी, मग गिळलेला आवंढा, मग रागाचा पहिला फुगा, आणि त्यावर घाईने ओढलेलं शिस्तीचं झाकण. संवाद दोनच ओळींचा.

कंदील

वेगळं मत मांडतो, राग नसावा. नट चांगला आहे, पण एकाच रंगाचा. स्विंडली फुशारलेला, मॅनरिंग फुशारलेला, 'इफ' सिनेमातला शाळेच्या वसतिगृहाचा हाउसमास्टर फुशारलेला. प्रत्येक ठिकाणी तोच छाती काढून चालणारा छोटा माणूस. याला चरित्रअभिनेता म्हणायचं की एका साच्याचा कलाकार?

दुसरं म्हणजे त्याचे गाजलेले पॉज. तो पाठांतराच्या बाबतीत चक्क आळशी होता. संहिता घरी नेतच नसे. शेवटी क्रॉफ्टने त्याला दोन प्रती पाठवल्या, त्यांतली एक उशीखाली ठेवायला! मग ते चाचपडणं अभिनय की विसरभोळेपणा?

तिसरी घंटा

राग कसला, धागा त्यासाठीच काढलाय. पाठांतराचं खरं आहे, सहकारी त्यामुळे वैतागत. त्याचं समर्थन मी करणार नाही, समोरच्या नटाला किती त्रास होतो ते भोगलंय. पण शब्द न सापडलेला नट आणि शब्द न सापडलेला मॅनरिंग यांत फरक आहे. पहिल्याचे डोळे आत वळतात, दुसऱ्याचे समोरच्यावर रोखलेले असतात. लोचे डोळे बघा, ते कधी आत वळत नाहीत. स्वतःची अडचण त्याने पात्राच्या खिशात टाकली होती.

एकाच रंगाचं मात्र मान्य नाही. तीन कामं सुचवतो. १९७५ च्या नाताळातला 'माय ब्रदर अँड आय'. त्यात लो मॅनरिंगही आहे आणि त्याचा दारुडा भाऊ बॅरीही. बॅरीचं नाक लाल, चाल सैल, हसू ओशाळं आणि लबाड. भावाच्या अब्रूची भीती त्याला बरोबर हेरता येते. दोघं एकाच खोलीत असताना हा एकच नट आहे हे मी विसरलो होतो. आणि बॅरीकडे पाहिल्यावर मॅनरिंग इतका ताठ का, ते कळतं. तो ज्या घरातून पळून आला ते घर दारात उभं आहे.

दुसरं, १९७२ च्या 'द रूलिंग क्लास' सिनेमातला बटलर टकर. मालक मरताना त्याच्या नावे मोठी रक्कम ठेवतो, तरी हा नोकरी सोडत नाही, फक्त तोंड सुटतं. आयुष्यभर गिळलेलं सगळं बाहेर येतं. तिसरं, १९७४ साली पीटर हॉलने बसवलेल्या शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये जॉन गिलगुड प्रॉस्परो आणि लो दारुडा स्टेफानो. जॉन ऑस्बर्नच्या 'इनॲडमिसिबल एव्हिडन्स' नाटकाच्या १९६४ च्या मूळ संचातही तो होता. 'इफ' आणि 'ओ लकी मॅन'चा दिग्दर्शक लिंडसे अँडरसन त्याला पुन्हा पुन्हा बोलवत होता. साच्यासाठी कुणी असा हट्ट धरत नाही.

पाऊलवाट

'ओ लकी मॅन'चा विषय निघालाच आहे तर बोलते. १९७३ च्या त्या सिनेमासाठी त्याला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांतलं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. त्यात त्याच्या तीन भूमिका, आणि त्यांतली एक चेहरा काळा रंगवून केलेल्या आफ्रिकी हुकूमशहाची. आवडत्या नटाबद्दल लिहिताना हे मागे ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. मी तो भाग पाहिला तेव्हा मान खाली गेली. तो काळ तसा होता हे खरं, आणि ज्यांचा रंग असा भाड्याने घेतला गेला ती माणसंही त्याच काळात जगत होती, हेही खरं.

तिसरी घंटा

पाऊलवाट, तुमचं बरोबर आहे. मीच लिहायला हवं होतं.

कॅम्प रोड

या धाग्याचा आमच्या गावाशी थेट संबंध आहे हे इथे कुणालाच माहीत नाही असं दिसतं. आमचं गाव देवळाली!

'डॅड्स आर्मी' ज्याच्या डोक्यातून निघाली तो जिमी पेरी कोवळ्या वयात स्वतः गृहरक्षक दलात होता. पुढे सैन्यात भरती होऊन तो हिंदुस्थानात आला आणि देवळालीच्या तोफखाना डेपोत सैनिकांच्या करमणूक पथकात नाटकं-गाणी करू लागला. त्या अनुभवावर त्याने आणि क्रॉफ्टने १९७४ ते १९८१ 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही दुसरी मालिका लिहिली. तिची सुरुवात देवळालीतच होते. तिच्यात हिंदी नोकराचं मुख्य काम झाशीत जन्मलेल्या मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलं. त्यामुळे पाऊलवाट म्हणतात तोच काटा इथेही रुततो, आणि माझ्या गावाचं नाव त्यात असल्यामुळे मला जरा जास्त.

अवांतर: इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे महिनोन् महिने पडून राहत आणि उन्हाने, कंटाळ्याने सैरभैर होत. आमचे आजोबा कॅम्पात कपडे पुरवत. एक सोजिर रोज संध्याकाळी बूट चकचकीत करून, सामान बांधून रस्त्यावर येऊन उभा राही आणि अंधार पडला की परत जाई, असं ते सांगत. लोबद्दल वाचताना मला तो आठवला. ताठ उभा राहण्यावरच सगळा जीव टांगलेला.

गोधडी

आमच्या लेकीच्या लहानपणी आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. तिथे 'मिस्टर मेन'च्या जुन्या चित्रफिती लावत असू. गोष्ट सांगणारा आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा एकच माणूस. तो आर्थर लो हे मला आज, या धाग्यावर कळलं. तो आवाज मुलांशी बोबडं बोलत नाही. बँकेत कर्जाचे नियम समजावून सांगावेत तसा, गंभीरपणे सांगतो. लेक त्या आवाजाने शांत होऊन ऐकायची. तिला आत्ताच फोन करून सांगितलं.

नदीकाठ

मी इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये राहतो. मालिकेचं बरंचसं बाहेरचं चित्रीकरण इथल्या थेटफर्ड गावात झालं. २०१० पासून तिथे नदीजवळ एका बाकावर कॅप्टन मॅनरिंगचा ब्राँझचा पुतळा बसलाय. पाठ ताठ, गुडघ्यांवर आडवी छडी. शेजारी जागा मोकळी ठेवलीय, लोक बसून फोटो काढतात. मागच्या थंडीत गेलो तेव्हा एक आजोबा त्याच्याशेजारी बसून डब्यातलं सँडविच खात होते. जणू दोघे बसची वाट बघतायत. फोटो काढायचं धाडस झालं नाही.

माझा आवडता भाग १९७३ चा 'द डेडली अटॅचमेंट'. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान सगळ्यांची नावं यादीत लिहून घेतोय. पोरगेला पाइक हिटलरवर टिंगलगाणं म्हणतो. कप्तान विचारतो, तुझं नाव काय? आणि मॅनरिंग ओरडतो, "त्याला सांगू नकोस, पाइक!" ब्रिटिश दूरदर्शनवरचा सगळ्यांत गाजलेला विनोद म्हणतात तो हाच. लोने ते वाक्य विनोद म्हणून टाकलेलंच नाही. तो खरोखर त्या पोराला वाचवायला धावलाय.

त्याच भागात हातबाँब मॅनरिंगच्या विजारीत टाकायचा असं मूळ संहितेत होतं. लोने साफ नकार दिला आणि ते जोन्स करणाऱ्या क्लाइव्ह डनच्या वाट्याला आलं. विजार उतरवणार नाही हे तो अडून सांगत असे.

कंदील

विजारीचा किस्सा वाचून मत थोडं हललं. मला तो नुसता नटाचा नखरा वाटला असता, पण टोपीबद्दल वर जे लिहिलंय त्याच्याशी जोडून पाहिलं तर त्याला पात्राची हद्द माहीत होती असं म्हणावं लागेल. विजार गेलेला मॅनरिंग पुन्हा हुकूम देऊ शकला नसता. बॅरीचा भाग आज रात्री बघतो.

तिसरी घंटा

कंदील, अगदी हेच.

एक गोष्ट राहिली, ती शेवटच्या दिवसांची. १९६८ मध्येच त्याने 'ॲमेझॉन' नावाची, १८८५ साली बांधलेली एक जुनी बोट राहायला म्हणून घेतली. नंतर लक्षात आलं की ती अजून समुद्रात जाऊ शकते. मग ती दुरुस्त करून १९७१ मध्ये पाण्यात सोडली. डोळ्यांमुळे ज्या पोराला जहाजावर घेतलं नव्हतं, तो पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या जहाजावर उभा राहिला.

मालिका संपल्यावर तब्येत ढासळत गेली. बसल्या जागी झोप लागण्याचा आजार जडला होता. तरी काम थांबवलं नाही, आणि जोनला बरोबर घेऊन नाटकांचे दौरे करत राहिला. १४ एप्रिल १९८२ ला दुपारी बर्मिंगहॅममध्ये दूरदर्शनवर थेट मुलाखत दिली. संध्याकाळी अलेक्झांड्रा थिएटरमध्ये 'होम ॲट सेव्हन'चा प्रयोग होता. प्रयोगाआधी मेकअपरूममध्ये कोसळला, आणि १५ तारखेच्या पहाटे इस्पितळात गेला. वय ६६.

अंत्यविधीला मोजकी माणसं होती. जोन नव्हती. ती बेलफास्टमध्ये त्याच नाटकाच्या प्रयोगात उभी होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही. आमच्या संस्थेत एका बाईंनी यजमान गेल्याच्या चौथ्या दिवशी प्रयोग केला होता. त्यांचं कुंकू आम्ही मेकअपच्या डबीतून लावलं. पहिल्या अंकात त्यांनी दोन लाफ्टर घेतले, आणि विंगेत आल्यावर भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. पुढच्या एंट्रीला बरोबर वेळेवर गेल्या. तेव्हापासून असल्या बाबतीत कुणाला बोल लावणं मी सोडलं.

हिशेबनीस

वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

काल सौ.बरोबर 'मम्स आर्मी' हा १९७० चा भाग पाहिला. दलात बायकांना घ्यायचं ठरतं आणि आलेल्या एका बाईंमध्ये मॅनरिंग गुंततो. शेवटी रेल्वे स्टेशन, ती गाव सोडून चाललीय, तो थांब म्हणून विनवतोय. विनोदी मालिका, पण तिथे लो एकही हशा मागत नाही. सगळ्या गावाला हुकूम सोडणारा आवाज, एका बाईसमोर मागणं मागताना नुसता बारीक होत जातो. गाडी जाते, तो फलाटावर राहतो. सौ. म्हणाली, "याची बायको कधीच दिसत नाही ना हो?" नाही दिसत. सगळ्या मालिकेत नाही. एकदा फक्त वरच्या बाजेचा पोक दिसतो.

तिसरी घंटा, एक विचारायचं होतं. आमच्या निवृत्तांच्या मंडळात दर महिन्याला नाट्यवाचन असतं. 'होम ॲट सेव्हन' हे आर. सी. शेरिफचं नाटक बँकेतल्याच माणसाचं आहे ना? संध्याकाळी सातला नेहमीसारखा घरी येतो आणि कळतं की मधला एक अख्खा दिवस त्याला आठवतच नाही? आमच्यात सगळे बँकवालेच आहेत. संहिता कुठे मिळेल?

तिसरी घंटा

तेच. माझ्याकडे एक जुनी प्रत आहे, पानं सुटलेली, पण पूर्ण आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी पोस्टात टाकतो. वाचनाची तारीख ठरली की कळवा, मी येईन.